जिच्या चुलीपाशी सगळे मावले

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या ओळखीची. आमगाव, सालेकसा, दरेकसा... मग जंगल, बोगदा, आणि मोबाईलचं नेटवर्क गायब. डोंगरगडच्या पुढे राजनांदगाव. ह्याच रुळांवर सव्वाशे वर्षांपूर्वी नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या एका गाडीत दोन अनोळखी माणसांचं बोलणं झालं. एक होता पोटापाण्याच्या शोधात निघालेला तिशीतला मराठी कवी. दुसरा युरोपीय प्रवासी. बोलणं कवितेवरून सुरू झालं आणि धर्मावर गेलं. उतरण्याआधी त्या प्रवाशाने कवीच्या हातात बायबल ठेवलं. तेव्हा गोंदिया म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं रेल्वेचं एक ठाणं. आपला जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडायचं होतं. गाडी थांबली असेल, निघाली असेल, कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल.

पण त्या एका भेटीने दूर माहेरी बसलेल्या एका बाईचं अख्खं आयुष्य उलटंपालटं झालं. आजची गोष्ट त्या बाईची.

कवीचं नाव नारायण वामन टिळक. लोकमान्य नव्हेत, हे वेगळे. 'फुलामुलांचे कवी' म्हणून शाळेत वाचलेले, 'केवढे हे क्रौर्य' लिहिणारे. आणि ती बाई म्हणजे त्यांची बायको, लक्ष्मीबाई टिळक. मराठीत आत्मचरित्रांची यादी करायला कुणी बसलं, तर पहिल्या दोनचार नावांत त्यांचं 'स्मृतिचित्रे' येतं. त्यामुळे त्यांची ओळख बहुतेक वेळा लेखिका म्हणून करून दिली जाते. ती खरीच आहे. पण पुस्तक हातात घेऊन बघा. त्यात लेखिका कमी आणि आई जास्त भेटते. एक-दोन मुलांची नाही, घरभर मुलांची. त्यातली कितीतरी पोटची नव्हती, जातीची नव्हती, धर्माचीही नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मायाळू आज्या प्रत्येक घरात असतात, त्यात काय एवढं? थांबा जरा. ही माया त्यांना जन्मासोबत मिळाली नव्हती. ती त्यांनी कमावली, आणि त्यासाठी आधी बरंच काही टाकून द्यावं लागलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. घरावर एक सावली होती. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिली होती. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात विटाळाने घर केलं. जगात सगळं बाटलेलं आहे, सगळं धुऊन घेतलं पाहिजे, असं त्यांना वाटू लागलं. बाजारातून आलेलं धान्यच काय, मीठ-मसालासुद्धा धुवायचा! मीठ धुतल्यावर हातात काय उरतं, हे सांगायला सायन्सचा विद्यार्थी नको. पण घरात बोलायची कुणाची टाप नव्हती. बायकामुलांचा दिवस पाणी भरण्यात, भिजण्यात आणि वडिलांचा अंदाज घेण्यात जायचा.

हे सगळं लक्ष्मीबाई लिहितात ते रडत नाही, हसत. म्हातारपणी मागे वळून बघताना त्यांना वडिलांचा राग आलेला दिसत नाही. पण वाचताना आपल्या ध्यानात येतं, की ह्या मुलीला पहिला धडा मिळाला तो शिवायचं कुणाला नाही, ह्याचा. स्वयंपाकघर म्हणजे जगाला बाहेर ठेवायची जागा, हे ती बोलायला शिकता शिकताच शिकली.

१८८०च्या सुमारास लग्न झालं. नवरी अकरा-बारा वर्षांची, नवरा अठरा-एकोणीसचा. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. नाव लक्ष्मी, पण घरात पैसा टिकेल तर शपथ! टिळक हुशार होते, संस्कृतचे जाणकार होते, वक्तृत्व असं की सभा डोलायची. पण पाय एका गावात ठरत नव्हता. आज इथे मास्तर, उद्या तिथे कीर्तनकार, परवा छापखान्यात. हातात आलेला पैसा घरी पोहोचेपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या गरजेला लागलेला असायचा. राग नाकावर, आणि राग ओसरला की लहान मुलासारखा पश्चात्ताप. न सांगता निघून जायचे, न सांगता उगवायचे. बायको कधी सासरी, कधी माहेरी, कधी बहिणीकडे. त्यातच पोटची लेकरं लहानपणीच गेली. हाती राहिला तो मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त.

ह्या भटकंतीत संसार आपल्या विदर्भातही आला. नागपूरचे श्रीमंत सावकार आप्पासाहेब बुटी ह्यांच्याकडे टिळकांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं होतं. पण तेही टिकलं नाही, आणि मग राजनांदगावची ती गाडी आली.

प्रवासात मिळालेलं पुस्तक टिळकांनी वाचून काढलं. त्यावर विचार केला, पत्रव्यवहार केला, स्वतःशी भांडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी कुणाला पत्ता नाही. लक्ष्मीबाईंना बातमी कळली तेव्हा दत्तू अगदी लहान होता.

आज धर्म बदलल्याची बातमी वाचून आपण स्क्रोल करून पुढे जातो. तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. नवरा जिवंत आहे, पण समाजाच्या हिशोबात तो मेला. कपाळाला कुंकू आहे, पण त्याच्या घरी पाऊल टाकलं तर आपणही बाटलो. ना सवाष्ण, ना विधवा. सत्ताविशीतल्या ह्या बाईला जगावंसंच वाटेना. अन्न जाईना, झोप येईना. तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नये म्हणून घरच्यांना डोळ्यात तेल घालून पहारा ठेवावा लागला. थोरल्या बहिणीने तिला पंढरपूरला आपल्याकडे ठेवून घेतलं आणि सांभाळलं. पुढे लक्ष्मीबाईंनी जे घर उभं केलं, त्याचा नमुना त्यांना कदाचित इथेच मिळाला असेल. मोडलेल्या माणसाला कुणीतरी प्रश्न न विचारता आपल्या घरात जागा देतं, म्हणजे काय, हे त्यांनी आधी स्वतः अनुभवलं.

चारेक वर्षं अशी गेली. टिळकांनी ह्या काळात दुसरं लग्न केलं नाही. ते पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. शेवटी लक्ष्मीबाईंनी ठरवलं आणि दत्तूला घेऊन त्या अहमदनगरला नवऱ्याकडे गेल्या. नातेवाईक तुटतील, हे ठाऊक होतं. तुटलेच.

पण गंमत बघा. नवरा स्वीकारला, त्याचा धर्म नाही. घरात चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. एकाच संसारात दोन स्वयंपाक! टिळकांनीही, इतका तापट माणूस असून, तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिचं तिला कळू दे, म्हणून थांबले. त्या काळातला नवरा ह्या एका बाबतीत थांबला, ही साधी गोष्ट नाही.

आणि तिचं तिला कळलं. कुणाच्या व्याख्यानाने नाही, पुस्तकाने नाही. मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला, आणि बाईंनी त्याला टाळलं नाही: ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती, तर जन्माला येताना, मरताना, भूक लागताना माणसामाणसांत काही फरक दिसायला हवा होता. तो तर कुठे दिसत नाही. मग हे माणसाचंच काम. आणि माणसाने केलेलं माणसाला मोडता येतं. झालं! ज्या मुलीच्या घरी मीठसुद्धा धुतलं जायचं, तिने कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे देवाचं नाव नंतर बदललं. चूल आधी बदलली.

इथे थोडं थांबून विचार करा. आपल्याला समानतेवर निबंध लिहायला सांगितला, तर आपण पाच पानं भरू. संविधानाची कलमं तोंडपाठ असतात, स्पर्धा परीक्षेला लागतात. पण लहानपणापासून अंगात मुरलेली किळस घालवायला नुसता विचार पुरत नाही. घोट घशाखाली उतरावा लागतो. पहिल्या घोटाला अंगावर काटा येतो. लक्ष्मीबाईंचं मोठेपण इथे आहे. त्यांनी तो काटा लपवला नाही, आपण फार मोठी क्रांती केली असा आवही आणला नाही. स्वतःच्या जुन्या सोवळ्यावर त्या पोट धरून हसल्या.

चूल एकदा मोकळी झाली, आणि मग घर भरायला लागलं.

१८९९-१९००चा दुष्काळ तुम्ही इतिहासात वाचला असेल, 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून. गावं ओस पडली, आईबाप मेले, लेकरं रस्त्यावर आली. टिळकांना असं मूल दिसलं की ते घरी घेऊन यायचे. आणताना एकच विसरायचे, की घरात पीठ आहे का? ते बघायचं काम लक्ष्मीबाईंचं. मिशनचा पगार तुटपुंजा, त्यातलाही निम्मा कुणाला तरी दिलेला. पण आलेलं पोर उपाशी झोपलं नाही पाहिजे. मुलांना न्हाऊ घालायचं, उवा काढायच्या, खरूज धुवायची, आजारपणात उशाशी बसायचं, भांडणं सोडवायची. त्या काळातला नवरा कविता करतो म्हणून नावाजला जातो; त्या कवितेला शांतता मिळावी म्हणून पलीकडच्या खोलीत पोरांना कोण गप्प बसवतं, ते कुणी विचारत नाही. फुलामुलांच्या कवीकडची फुलं कवितेत होती. मुलं मात्र लक्ष्मीबाईंच्या पदराला होती.

त्या देवी नव्हत्या हं. चिडायच्या, नवऱ्याशी कडाकडा भांडायच्या, पैशांवरून वैतागायच्या, फजितीही व्हायची. टिळक रागाच्या भरात निघून गेले, की काळजीने जीव टांगणीला लागायचा आणि परत आले की पुन्हा भांडण. ही माया म्हणजे गोड बोलणं नव्हतं. ताट वाढणं होतं. रोज, दोन वेळा, जेवढे असतील तेवढ्यांना.

ह्या घरात पुढे एक पाहुणा आला. त्याला तुम्ही सगळे ओळखता. १९०७ साली जळगावला कवींचं संमेलन भरलं. सतरा वर्षांच्या एका पोराने तिथे अशी कविता म्हटली, की अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. त्र्यंबक बापूजी ठोमरे. 'औदुंबर' लिहिणारा. टिळक दांपत्याने ह्या मुलाला आपलंसं केलं आणि तो नगरला त्यांच्या घरी राहायला आला. मुलगा हळवा, लहरी, पटकन रुसणारा. शब्द लागला की निघाला! त्याला समजवायचं, पोटात दोन घास घालायचे आणि पुन्हा माणसांत आणायचं, हे काम लक्ष्मीबाई करायच्या. ठोमरे हिंदू, घर ख्रिस्ती. पण आई आणि मुलगा ह्या नात्याला त्याची आडकाठी आली नाही. 'स्मृतिचित्रे'त बालकवी जसे दिसतात, खट्याळ, भित्रे, रुसके, तसे ते दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात दिसत नाहीत. कारण समीक्षकाने कवी बघितला होता. बाईंनी पोर बघितलं होतं.

हे पोर गेलं ५ मे १९१८ला, जळगावजवळ भादली स्टेशनवर, रेल्वेखाली सापडून. वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं. साधारण एक वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळक गेले.

शेवटच्या दोन वर्षांत टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात नवा आश्रम मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना तिथे दार उघडं होतं. पगार गेला, आणि आता माणूसही गेला. पन्नाशीतल्या बाईपुढे परत पहिलाच प्रश्न: राहायचं कुठे, खायचं काय? लक्ष्मीबाई मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून काम करू लागल्या. म्हणजे पुन्हा दुसऱ्यांचीच मुलं! नंतर देवदत्तांबरोबर कराचीला गेल्या. नवं शहर, नवी भाषा, पण बाईंना तिथेही माणसं मिळालीच.

आता लिहिण्याचं सांगतो. ह्या बाईंनी कधी शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांच्या मागे लागण्याने. पण त्यांच्या मागे दोन कामं राहिली होती. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केलं होतं आणि दहा-अकरा अध्यायांवर ते थांबलं होतं. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. नवऱ्याचं अर्धवट काम पुरं करणारी बायको आपण पाहिलेली असते. पण नवऱ्याने दहा पावलं टाकली आणि बायकोने चौसष्ट, असं उदाहरण शोधून दाखवा!

दुसरं काम टिळकांच्या आठवणींचं. देवदत्तांना वडिलांचं चरित्र हवं होतं. त्यांनी आईला आठवणी लिहायला बसवलं. बाई लिहायला बसल्या नवऱ्यावर, आणि लिहिता लिहिता कागदावर अख्खं घर उतरलं. मीठ धुणारे वडील, कडक सासरे, पंढरपूरची बहीण, दुष्काळातली पोरं, रुसलेले ठोमरे. बोलतात तसं लिहिलं. अलंकार नाहीत, उपदेश नाही. १९३४पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग पुस्तकरूपाने यायला लागले आणि भलेभले साहित्यिक चकित झाले. पुढे त्याचं इंग्रजीतही भाषांतर झालं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला.

२४ फेब्रुवारी १९३६ला नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. शेवटचा भाग अपुरा राहिला होता. तो देवदत्तांनी पुरा केला. नवऱ्याचं काम बायकोने पुरं केलं, आईचं मुलाने. त्या घरात कुणाचंच ताट अर्धं राहिलं नाही.

त्यांना जाऊन आता नव्वद वर्षं होत आली. मग गोंदियातल्या एका कॉलेजच्या मुलाने, मुलीने त्यांना का आठवायचं?

तुमच्यापैकी कित्येकजण तिरोडा, देवरी, अर्जुनी मोरगावहून येऊन इथे रूम करून राहता. पहिल्या सेमिस्टरला डबा बंद असतो त्या रविवारी कुणीतरी मावशी हाक मारते आणि गरम भात वाढते. ती तुमची कुणी नसते. तेव्हा तिने आडनाव विचारलं होतं का? आणि रूम बघायला गेलात तेव्हा कुणी विचारलं होतं का? दोन्ही अनुभव आपल्या गावात मिळतात. एकच गाव, एकच तांदूळ. फरक फक्त चूल कुणासाठी पेटते, ह्याचा.

आणि प्रश्न दुसऱ्याच्या घराचाच कशाला? आपल्या घरात कामाला येणाऱ्या बाईंचा कप कुठे ठेवलेला असतो? इतर कपांसोबत, की वेगळ्या कोपऱ्यात, उलटा? आजीने ठेवला म्हणून आईने ठेवला, आईने ठेवला म्हणून आपल्या लक्षातच आला नाही. आजीवर राग धरायचं काही कारण नाही. लक्ष्मीबाईंनीही वडिलांवर धरला नाही. पण त्यांनी मीठ धुणं मात्र बंद केलं.

आजी गेल्यावर आपण तिच्या फोटोला हार घालतो, तिच्या हातच्या पदार्थांची आठवण काढतो, स्टेटस ठेवतो. चांगलंच आहे. पण तिची माया पुढे न्यायची असेल, तर ती थोडी मोठीही करावी लागते. आजीने घरातल्या दहा जणांना वाढलं असेल, तर आपल्याला अकरावं ताट मांडता येतं का, ते बघायचं. लक्ष्मीबाईंनी तेवढंच केलं. एकदा अकरावं ताट मांडलं, आणि मग मोजायचं सोडून दिलं.

कॉलेजच्या लायब्ररीत 'स्मृतिचित्रे' असेल. बहुधा वरच्या फळीवर, धूळ खात. खाली काढा. जाड आहे म्हणून घाबरू नका. पहिली वीस पानं वाचलीत की हसू येईल, आणि मग पुस्तक तुम्हाला सोडणार नाही. आणि तो कप, तो आज घरी गेल्यावर बघून घ्या. सरळ करून बाकीच्या कपांत ठेवायला अर्धं मिनिट लागतं.